अमेरिकेचं कॉलेज आणि आर. के. नगरचा प्लॉट

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. घरखर्च धरून वर्षाचं उत्पन्न साधारण २२ लाख. एफडी १८ लाख, म्युच्युअल फंड १४ लाख, आर. के. नगरजवळ एक प्लॉट आहे, त्याला आज ४५ लाख येतील. घरकर्ज ६ लाख राहिलंय. मुलगी अकरावीत आहे, गणितात हुशार, आयओक्यूएम (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा) पास झाली. तिला अमेरिकेत नामांकित विद्यापीठात शिकायचंय. एका सल्लागार संस्थेनं १० कॉलेजांची यादी आणि प्रवेशाची शक्यता काढून दिली आहे. त्यांची फी पावणेपाच लाख, निम्मी आत्ताच. मिस्टरांचं म्हणणं, प्लॉट काढून टाकू, म्हणजे पुढची सोय होईल. धाकटा आठवीत आहे. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

ताई, तुमचं पत्र आणि सोबतच्या रिपोर्टचे फोटो दोन्ही नीट बघितले. प्लॉट आत्ता विकू नका, आणि ते पावणेपाच लाखही देऊ नका. मुलीनं अर्ज मात्र जरूर करावेत. तिन्ही गोष्टींची कारणं सांगतो.

आधी तो रिपोर्ट. शेवटच्या पानावर हिरव्या पट्टीत ‘किमान एका ठिकाणी प्रवेशाची शक्यता ४० टक्के’ असं छापलंय. हा आकडा कुठून आला ते मी कागदावर करून पाहिलं. प्रत्येक कॉलेजात ५ टक्के शक्यता धरली, तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ६० टक्के निघते, म्हणून उरलेले ४०. गुणाकार बरोबर आहे, पण तो इथं लागूच होत नाही. दहा वेळा फासे टाकावेत तसे हे दहा अर्ज नाहीत. मुलगी एक, मार्क तेच, निबंध तोच, शिक्षकांची पत्रं तीच, आणि आर्थिक मदतीची गरजही तीच. एका ठिकाणी ज्या कारणानं नकार येतो, त्याच कारणानं दुसऱ्या ठिकाणीही येतो. आपल्या राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पण पाणी एकच. धरण भरलं की ते एकामागोमाग उघडतात, नाही भरलं तर सातही बंद राहतात. सात दरवाजे आहेत म्हणून एक तरी उघडेल, असं आपण कधी म्हणत नाही.

शिवाय ते ५ टक्के तरी तिचे आहेत का? २०२४ च्या प्रवेशांसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, निवडले गेले १,९३७, म्हणजे साधारण ३.६ टक्के. ही सगळ्यांची मिळून सरासरी झाली. प्रवेशात भेदभाव होतो म्हणून हार्वर्डवर झालेला खटला २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात चालला, तेव्हा आतले आकडे बाहेर आले. संघासाठी निवडलेल्या खेळाडूंना ८६ टक्के प्रवेश मिळत होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना ३३ टक्क्यांच्या आसपास. त्यांच्या जागा बाजूला काढल्या की बाकीच्यांची शक्यता सरासरीच्याही खाली जाते. एमआयटीत एकूण प्रमाण साडेचार टक्के, पण परदेशी अर्जदारांचं साधारण २ टक्के. तुमची मुलगी त्या दुसऱ्या रांगेत उभी आहे. ती कमी पडते असं माझं म्हणणं नाही. त्या रांगेत उभी असलेली बहुतेक मुलं तिच्याइतकीच तयारीची असतात, आणि तरीही त्यांना नकार येतो.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गाठ इथं आहे.

अशा खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ८५ हजार डॉलरच्या घरात जातो. डॉलर ८८ रुपये धरला तर वर्षाचे ७५ लाख आणि चार वर्षांचे ३ कोटी. प्लॉट विकून हातात ४५ लाख येतील, त्यात भांडवली नफ्यावरचा कर जाईल. एवढ्यात पहिलं वर्षसुद्धा पुरं होत नाही. म्हणजे पूर्ण फी भरायची वेळ आली तर प्लॉट विकूनही ते जमणार नाही, आणि मदत मिळाली तर विकायची गरज पडणार नाही.

मदत कोण देतं? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली की जेवढी गरज तेवढी मदत देतात. हार्वर्डनं २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षण, राहणं, जेवण सगळंच मोफत केलं आहे. तुमचे २२ लाख म्हणजे २५ हजार डॉलर. ते प्लॉट आणि वर्कशॉप विचारात घेतील, फॉर्ममध्ये ते लिहावंच लागतं, लपवू नका. तरीही तुमच्या वाट्याला येणारा खर्च झेपण्याजोगा असेल. म्हणजे शक्यता जिथं सगळ्यात कमी, तिथंच पैसे सगळ्यात कमी लागतात. त्याखालच्या फळीत शक्यता जरा बरी असते, पण तिथं परदेशी मुलानं मदत मागितली की अर्ज वेगळ्या तराजूत जातो, आणि मदतीशिवाय ते कॉलेज तुम्हाला परवडत नाही. प्लॉटचे पैसे या दोन्हीपैकी कुठेच कामी येत नाहीत.

संस्थेनं तुम्हाला ‘आत्ता मदत मागू नका, आत गेल्यावर बघू’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हे वाचून मला फार काळजी वाटली. स्टॅनफर्डसह अनेक विद्यापीठांचा स्पष्ट नियम आहे, की परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर चारही वर्षं ती मागता येत नाही. हा सल्ला मानला तर दुसऱ्या वर्षी तुमच्यावर वर्कशॉप गहाण टाकायची वेळ येईल. ‘तिकडं काम करून भागवेल’ हेही हिशेबात धरू नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही पहिल्या वर्षी फक्त कॉलेजच्या आवारात. त्यात वरखर्च निघेल, फी निघणार नाही.

मग तुमची खरी ऐपत किती? एफडीतले ८ लाख धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठी आणि अडीअडचणीला राहू देत, त्यांना हात लावायचा नाही. म्युच्युअल फंडातले निम्मे धाकट्याचे समजा. उरतात एफडीचे १० आणि फंडाचे ७. त्यात दरवर्षीच्या बचतीची भर घालून तुम्ही वर्षाला ६ लाख ओढाताण न करता देऊ शकता, म्हणजे साधारण ६,८०० डॉलर. हा आकडा स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवून ठेवा, आणि कॉलेजांची यादी त्यावरून करा.

यादी करायला संस्था लागत नाही. बहुतेक अमेरिकन कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा कागद स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात, फुकट. त्यातल्या सी विभागात किती अर्ज आले, किती घेतले, कशाला किती वजन दिलं, दाखल झालेल्या मुलांचे सॅटचे (तिकडच्या प्रवेशपरीक्षेचे) गुण किती होते, हे सगळं असतं. तुम्ही आधी त्याच कागदातला एच-६ हा भाग बघा. किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती डॉलर, ते तिथं असतं. एकूण खर्चातून ती सरासरी वजा करा. उत्तर ६,८०० च्या फार पुढे गेलं, तर नाव कितीही मोठं असलं तरी कॉलेज यादीतून काढा. रविवारच्या एका दुपारी मायलेकींनी बसून होणारं हे काम आहे.

अर्जांना खर्च येईल, तो करा. एका अर्जाचे ७५ ते ९० डॉलर, मदतीच्या फॉर्मचे वेगळे, सॅटची फी वेगळी. आठ अर्ज धरले तरी सव्वा लाखाच्या आत बसेल. फी माफीची विनंतीही करता येते, त्यात कमीपणा नाही. हे सव्वा लाख मात्र परत येणार नाहीत असं समजूनच बाजूला काढा.

त्या पावणेपाच लाखांत संस्था काय देणार तेही वाचलं. एका ‘शोधनिबंधा’वर मुलीचं नाव आणि तिच्या नावानं एक सामाजिक संस्था. ताई, हे विकत घेऊ नका. तुम्ही पत्रात एका ओळीत जे लिहून पुढे गेलात, तिथं मी थांबलो. ती दोन वर्षं रोज संध्याकाळी वर्कशॉपवर जाऊन रिजेक्ट झालेल्या कास्टिंगची वहीत नोंद ठेवते. कुठल्या फाउंड्रीचा माल, कुठला पार्ट, टर्निंग केल्यावर ब्लो होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूची पोकळी, कुठं निघालं. आणि जुलैत ब्लो होल का वाढतात, हे तिनं स्वतः शोधून काढलं, की साच्याच्या वाळूतला ओलावा वाढतो. मग बाबांना फाउंड्रीवाल्यांशी बोलायला लावलं. एवढं अस्सल काम हातात असताना दुसऱ्यानं लिहिलेला कागद कशाला जोडायचा?

इथला रस्ताही तितक्याच मनापासून धरा. गणिताची ओढ असेल तर आयएसआयचं (भारतीय सांख्यिकी संस्था) बी. स्टॅट. किंवा बी. मॅथ., चेन्नईची गणित संस्था सीएमआय, पुण्याची विज्ञान संस्था आयसर. आयएसआयमध्ये तर मुलांनाच स्टायपेंड मिळतो. इथंही स्पर्धा तगडी आहे, पण परीक्षा काय आहे हे आधी कळतं आणि तयारी करता येते. या कुठल्याही ठिकाणी गेली तरी प्लॉट राहतो आणि धाकट्याचे पैसेही राहतात. नंतर पीएचडीसाठी अमेरिकेला जायचं म्हटलं, तर तिथं बहुतेक फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो.

प्लॉटचं एवढंच करा. एनएचा आदेश, मिळकत पत्रिका, मोजणी असे कागद एकदा तपासून फाइल लावून ठेवा. अमेरिकेची उत्तरं मार्चअखेर येतात आणि कळवायचं असतं १ मेपर्यंत. पत्रातला मदतीचा आकडा बघून थोडेच पैसे कमी पडत असतील, तर तेव्हा प्लॉट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढता येईल. उत्तर यायच्या आधी काढलेली जागा परत त्या भावात मिळत नाही. माझ्याकडच्या एका कुटुंबानं फेब्रुवारीत जागा विकली, मार्चअखेर सगळीकडून नकार आले, आणि ते पैसे गाडी आणि घराच्या रंगरंगोटीत गेले. आजही त्या रस्त्यानं जाताना ते गृहस्थ मान वळवतात.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. आणि ती वही वर्कशॉपच्या तेलकट टेबलावरून घरी आणून ठेवा. अर्ज १ ऑगस्टला उघडतात, निबंध लिहायला बसेल तेव्हा तिला जुलैची पानं लागतील.