परदेशी शिक्षण, अर्धवेळ काम आणि व्हिसाच्या अटी

प्रश्न : माझा मुलगा सांगलीत अभियंता झाला असून एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सप्टेंबरात ब्रिटनला निघाला आहे. शैक्षणिक कर्जासाठी राहते घर तारण ठेवले आहे. प्रवेशाचे काम पाहणाऱ्या सल्लागारांच्या मते आठवड्याला वीस तास आणि उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम केल्यास कर्जाचे हप्ते तिथूनच फिटतील. शिवाय रोखीने केलेल्या जादा कामाची नोंद कुठेच होत नाही. या हिशेबावर विसंबावे का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : कृपया विसंबू नका. पदवी किंवा त्यापुढील शिक्षणासाठी ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मिळालेल्यांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते, आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा धरला जातो. एका आठवड्यात 12 तास आणि पुढच्या आठवड्यात 28 तास काम करून सरासरी 20 दाखवण्याची सोय तेथे नाही. दुसऱ्या आठवड्यात अट मोडलेलीच असते. दोन ठिकाणी काम असल्यास दोन्हींचे तास एकत्र धरले जातात.

सल्लागारांच्या हिशेबातील मोठी चूक उन्हाळ्याविषयी आहे, आणि तिच्यामुळे प्रामाणिक मुलेही अडचणीत येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते. मात्र एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे महिने प्रबंधलेखनाचे असतात आणि बहुतेक विद्यापीठे ते सत्रातच धरतात, त्यामुळे वर्ग भरत नसले तरी 20 तासांची मर्यादा कायम राहते. मुलाने विद्यापीठाकडून सत्राच्या आणि सुट्टीच्या तारखा लेखी मागून घ्याव्यात. अभ्यासक्रम अधिकृतपणे पूर्ण झाल्यावर मात्र व्हिसाच्या उरलेल्या मुदतीत त्याला पूर्ण वेळ काम करता येईल.

रोखीच्या कामाचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. अट मोडल्याचे उघड झाल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढील अर्जांवरही त्याची छाया पडते. बेकायदा कामावर ठेवणाऱ्या मालकाला फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास 60,000 पौंडांपर्यंत दंड आहे. एवढी जोखीम घेऊन रोखीने राबवणारा मालक मजुरी बुडवू लागला, तर स्वतःच अडकण्याच्या भीतीने मुलगा तक्रारही करणार नाही. या व्हिसावर स्वयंरोजगारालाही मनाई आहे. त्यामुळे ॲपवरून खाद्यपदार्थ घरपोच देण्याचे काम, ज्यात पोहोचवणारा सहसा कर्मचारी न मानता स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो, त्याने दुसऱ्याच्या खात्यावरूनही करू नये.

आता पैशांचे पाहू. एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या कामगारांसाठी किमान वेतन ताशी 12.21 पौंड झाले. त्या दराने 20 तासांचे आठवड्याला सुमारे 244 पौंड होतात, तेही दर आठवड्याला काम मिळाले तर. आणि खोलीभाडे, प्रवास व जेवण त्यातूनच जाते. व्हिसाच्या अर्जात शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या निर्वाहाची रक्कम दाखवताना भावी अर्धवेळ कमाई धरता येत नाही. ब्रिटिश सरकारच जी रक्कम मोजत नाही, ती आपणही कर्जफेडीत मोजू नये. भारतीय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याजाची आकारणी थांबत नाही. आपल्या बँकेची मुदत करारात पाहून घ्या. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा असला, तरी 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळेल.

प्रश्न : साताऱ्यात बी.एस्सी. झालेल्या माझ्या बहिणीला जर्मनीत शिकायचे आहे. तेथील नियम हेच आहेत का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मार्च 2024 पासून तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस धरले जाते. विद्यापीठातच विद्यार्थी सहायक म्हणून केलेले काम या मर्यादेत मोजले जात नाही, म्हणून बहिणीने तेथे पोहोचताच आधी आपल्या विभागात चौकशी करावी. स्वतंत्र व्यवसायासाठी मात्र स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.