मी, तू की ती? गेमची गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी सांगायची

गेम बनवणाऱ्यांची पत्रं या वेळी भरपूर आली आणि त्यातली तीन फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, म्हणून ती एकत्र घेतोय.

पहिलं पत्र: आम्ही ऐरोलीतले चार मित्र कॉलेज सांभाळून एक छोटा गेम बनवतोय. गोष्ट अशी, की खाडीत मासेमारी करणारे आजोबा पहाटे होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत आणि नात दुसरी होडी काढून खारफुटीत त्यांना शोधायला निघते. आमच्यात दोघं म्हणतात एफपीपी ठेवू, नातीच्या डोळ्यांतून सगळं दिसेल, दोघं म्हणतात टीपीपी, कॅमेरा तिच्या मागे. दोन महिने हेच भांडण चाललंय. काय करावं?

तुम्ही चौघं बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा तो गोळीबाराचा गेम, खेळला असालच, तर तिथलंच उदाहरण घेऊ. टीपीपीमध्ये भिंतीमागे उभं राहिलं तरी पलीकडे कोण चाललंय ते दिसतं, कारण कॅमेरा डोक्याच्या वर आणि मागे असतो, पण समोरच्याला तुम्ही दिसत नाही. म्हणजे तुमच्या माणसाला जे दिसू शकत नाही ते तुम्हाला दिसतं. एफपीपीत हे चालत नाही, बघायचं तर डोकं बाहेर काढावं लागतं, म्हणून तो मोड वेगळा ठेवलाय. आता हाच फरक गोष्टीला लावून बघा. कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न नंतरचा, आधी हे ठरवा की नातीला काय माहितीये, खेळणाऱ्याला काय माहितीये, आणि त्या दोघांच्यात किती अंतर तुम्हाला हवंय.

बरेच जण म्हणतात एफपीपी घेतलं की खेळणाऱ्याला ‘मीच ती’ असं वाटतं. मला हे पटत नाही. संध्याकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडा आणि मोबाईलवर खेळणाऱ्या पोरांकडे कान द्या, कॅमेरा पाठीमागे असला तरी पोरं ‘मेलो रे’ असंच ओरडतात, ‘तो मेला’ असं कोणी म्हणत नाही. बटणं हातात असली की ‘मी’ आपोआप येतो. तो तुटतो कधी, तर पात्र असं काही करतं जे खेळणाऱ्याला करायचंच नव्हतं, किंवा पात्राला जे माहीत असायला हवं ते खेळणाऱ्याला माहीतच नसतं तेव्हा. मग लगेच तोंडातून निघतं, ‘ही असं का करतेय?’

तुमच्या गेममध्ये नेमकी हीच अडचण बसलीये. तुमची नात खाडीवर वाढलेली आहे, भरती कधी लागणार, चिखलात पाय कुठे कंबरेपर्यंत जाईल, कुठल्या फाट्यातून होडी निघेल आणि कुठे ओहोटीला अडकेल हे तिला झोपेतही सांगता येईल. आणि खेळणारा असेल कोथरूडचा किंवा नागपूरचा, ज्याने खारफुटी ऐरोलीच्या पुलावरून गाडीतून बघितलीये फार तर. एफपीपी घेतलं की तो माणूस तिच्या डोळ्यांत शिरणार आणि पहिल्याच वळणाला चुकीच्या फाट्यात होडी घालून रुतून बसणार, म्हणजे खाडीची पोर खाडीतच वेंधळी दिसणार. ती शहरातून दहा वर्षांनी परत आलीये, सगळं विसरलीये, असं दाखवून यातून सुटता येतं, पण मग तुमची गोष्टच बदलते, आणि ही युक्ती इतक्या वेळा वापरून झालीये की मी तरी टाळेन.

म्हणून माझं मत टीपीपीकडे आहे, पण कॅमेरा जवळ हवा, होडीतच कोणी मागे बसलंय इतका जवळ. कारण तिचं ज्ञान तिच्या अंगात दिसेल. ती बांबू पाण्यात टेकवून खोली बघते, वारा फिरला की मान वळवते, एखाद्या फाट्याशी आली की हात जरा थबकतो, आणि खेळणारा तिला बघून बघून शिकत जातो, पहिल्या तासाला तिच्यावर अवलंबून आणि तिसऱ्या तासाला स्वतःच पाणी वाचणारा. शिवाय ती बहुतेक वेळ होडीत बसलेली आहे, म्हणजे चालण्या-पळण्याचं अ‍ॅनिमेशन कमी लागेल, चौघांच्या टीमला हा मोठा दिलासा आहे.

दुसऱ्या गटाचंही चुकत नाही बरं का. एफपीपीत गोष्ट सांगायची तर १९९८ चा हाफ-लाइफ हा गेम बघाच, सुरुवातीलाच तुम्ही ट्रॅमच्या डब्यात उभे असता, बाहेर प्रयोगशाळेचा अवाढव्य कारभार सरकत जातो, आणि कुठे बघायचं ते तुमच्यावर सोडलेलं असतं, कॅमेरा शेवटपर्यंत नायक गॉर्डनच्या डोळ्यांतून हलत नाही आणि गॉर्डन एक शब्द बोलत नाही. पण तो मुका आहे म्हणूनच ते जमतं, त्याच्या मनात काय चाललंय याचं ओझं गेमवर नाही. तुमची नात मुकी नाही, तिच्या मनात आजोबा आहेत. तरी एफपीपीच करायचं ठरलं तर २०१६ चा फायरवॉच बघा, तिथे वॉकी-टॉकीवरच्या डिलायलाशी बोलता बोलता नायक हेन्री काय माणूस आहे ते कळत जातं आणि ती बाई अख्ख्या गेममध्ये कधी समोर येत नाही. तसं नातीला कोणाशी तरी बोलतं ठेवा, किनाऱ्यावरच्या आजीशी फोनवर, रेंज येतेय जातेय, खाडीत ते शोभूनही दिसेल.

भांडण मिटवायला एक शनिवार काढा. होडीच्या जागी नुसता खोका ठेवा, तोच फाटा दोन्ही कॅमेऱ्यांनी बनवा, आणि चार-पाच ओळखीच्यांना खेळायला देऊन गप्प बसा, काही समजावू नका, फक्त ते कधी ‘मी’ म्हणतात आणि कधी ‘ती’ म्हणतात ते वहीत लिहा. मतं विचारू नका, माणसं चांगुलपणाने ‘मस्त आहे’ म्हणतात आणि तुम्ही होता तिथेच राहता.

दुसरं पत्र: मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, कथा लिहिते. आता मराठीत टेक्स्ट गेम लिहायला घेतलाय, वाचायचं आणि पर्याय निवडायचे, असा. इंग्रजीत असे गेम ‘तू’ला उद्देशून असतात. मी तसंच लिहायला गेले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले, ‘तू आत गेलास’ लिहू की ‘गेलीस’?

ताई, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न अस्सल मराठी आहे आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

अमेरिकेत एमआयटीतल्या पोरांनी १९७७ मध्ये झॉर्क लिहायला घेतला, त्याच्याही आधीपासून टेक्स्ट गेम खेळणाऱ्याशी थेट बोलतात, तू इथे उभा आहेस, तुला हे दिसतंय. इंग्रजीतल्या ‘यू’ला बाई-पुरुष नाही आणि मान-अपमानही नाही, त्यामुळे त्यांना फुकटात मिळालं. आपलं क्रियापद मात्र बोलून जातं. ‘तू दार उघडतोस’ म्हटलं की खेळणारी मुलगी तिथेच बाहेर पडली.

पण मराठीतच वाटा आहेत, जरा कान लावून बघा. ‘तू दार उघडलंस’ यात खेळणारा कोण ते कळत नाही, कारण तिथे क्रियापद दाराच्या मागे जातं. ‘पत्र वाचलंस’, ‘दिवा विझवलास’, ‘कडी काढलीस’, सगळं चालतं. घोटाळा होतो तो गेलास, पळालीस, बसलास, घाबरलीस इथे. तिथे वाक्य फिरवा, ‘तू घाबरलास’ऐवजी ‘तुझ्या पोटात गोळा आला’, ‘तू आत गेलीस’ऐवजी ‘पाऊल आत टाकलंस’. मी असं एक पान करून बघितलं तेव्हा लिखाण उलट जास्त जिवंत झालं, कारण ‘घाबरलास’ हे नुसतं सांगणं आहे आणि पोटातला गोळा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मात्र शंभर पानं असं करत राहिलात तर कुठेतरी ओढाताण जाणवणार, हेही सांगून ठेवतो.

‘तुम्ही’ घेतलं तर प्रश्न सुटतो, तुम्ही गेलात, तुम्ही पळालात, पण मग आवाज सरकारी नोटिशीसारखा लांबचा होतो. गोष्ट सांगणारा एखादा म्हातारा हवालदार किंवा वाड्याचा दिवाणजी असेल तर ‘तुम्ही’ झकास बसेल, त्या अंतरातच मजा आहे. भयकथेला मात्र ते मारून टाकेल.

आणि तिसरी वाट, माझी लाडकी, ‘आपण’. आजी गोष्ट सांगते तेव्हा काय म्हणते, आता आपण काय करायचं, हळूच दार ढकलायचं, आत कोण आहे बघायचं. ‘आपण गेलो, आपण पळालो’ यात बाई-पुरुष नाही, परकेपणा नाही, आणि सांगणारा आणि ऐकणारा दोघं एकाच अंधारात उभे असतात. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. इंग्रजीतल्या ‘वी’मध्ये हा भेद नाही. विचार करा, अर्ध्या गोष्टीत सांगणारा ‘आपण’ म्हणतोय आणि एका वळणावर अचानक ‘आम्ही’ म्हणायला लागला तर खेळणाऱ्याच्या अंगावर काटा येईल, एका शब्दात सगळा विश्वासघात सांगून झाला! हे मला कोणत्याही गेममध्ये अजून भेटलेलं नाही, तुम्ही करा, मी पहिल्या दिवशी खेळेन.

सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारून त्याप्रमाणे क्रियापदं बदलायची, हेही ट्वाइन किंवा इंक या टेक्स्ट गेम बनवायच्या साधनांमध्ये जमतं, पण अशा प्रत्येक वाक्याच्या दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात आणि चुका तपासता तपासता जीव जातो. अजून एक, गेम बनवायच्या काही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनांमध्ये, जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. ट्वाइनचा गेम ब्राउझरमध्ये चालतो म्हणून तिथे देवनागरी नीट दिसते, गोडो ४ या इंजिनातही सोय आहे. निवडायच्या आधी ‘रात्रीच्या विचित्र स्वप्नात’ एवढं टाइप करून बघा.

तिसरं पत्र: मी अकरावीत आहे, कोपरखैरणेला. माझ्या गेममध्ये दोन बहिणी ठाणे स्टेशनच्या गर्दीत चुकतात. दोघींनाही खेळता यावं असं मला वाटतं, पण सर म्हणाले एकच हिरो ठेव.

सरांचा सल्ला पहिल्या गेमसाठी सोपा आहे खरा, पण तुझी गोष्ट दोघींचीच आहे, त्यामुळे दोघी ठेव. फक्त सारखं इकडून तिकडे उड्या मारायला लावू नकोस. २०२० च्या द लास्ट ऑफ अस पार्ट टू मध्ये एलीचे तीन दिवस खेळून होतात आणि मग तेच तीन दिवस अ‍ॅबी होऊन पुन्हा खेळावे लागतात, जिचा राग आलाय तिचेच बूट घालून. पुष्कळ लोक चिडले होते त्यावर, मला ते धाडस आवडलं. २०१३ च्या ब्रदर्समध्ये कंट्रोलरची डावी काडी मोठ्या भावाची आणि उजवी धाकट्याची, दोघं एकदम चालवायचे, आणि शेवटाकडे त्या डाव्या काडीचं जे होतं ते मी सांगणार नाही, तू स्वतः खेळ.

तुझ्यासाठी असं सुचतं, की मोठी बहीण नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या, गर्दीत आहे आणि धाकटी दुसरीकडे कुठेतरी. मोठीचा कॅमेरा उंच ठेव, तिला बोर्ड वाचता येतात, इंडिकेटर दिसतो. धाकटी सहा वर्षांची असेल तर कॅमेरा तिच्या उंचीवर आण, तिला फक्त कंबरा, पिशव्या आणि चपला दिसतील, बोर्ड दिसलाच तरी वाचता येणार नाही. मोठी बोर्डाखाली थांबलीये हे खेळणाऱ्याला माहिती आहे, पण धाकटीला बोर्ड म्हणजे काय तेच कळत नाही, मग खेळणारा धाकटीला तिथे नेणार कसा? माझ्या मते तिथे मोठीच्या चपला कामाला येतील, मोठीच्या भागात त्या एकदा नीट दाखवून ठेव, लाल पट्ट्याच्या.