धातू निघाला, पण पाण्यात काय गेलं?

आयनी द्रव वापरून पाण्यातले धातू काढण्याबद्दलच्या पत्रांत पाव्हणे नवे असतात, गोंधळ मात्र तोच. म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : आयनी द्रव म्हणजे वितळलेलं मीठच ना?

हो, 100 अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं. पाण्यासोबत हलवलं की धातू त्यात ओढला जातो, मग दोन थर वेगळे करायचे.

प्रश्न : सायफॉस 101 या फॉस्फोनियम क्लोराइडने कोबाल्ट आणि निकेल वेगळे करतोय. तासभर हलवलं तरी थर सुटत नाहीत.

द्रव दाट आहे. आधी त्याला पाणी पाजून संपृक्त करा, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) थोडा कोमट करा, मग सेंट्रिफ्यूज. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात कोबाल्ट क्लोराइडला धरून द्रवात जातो आणि द्रव निळा होतो. निकेल पाण्यातच राहतो. निळा रंग येत नसेल तर हलवणं थांबवून क्लोराइड मोजा.

प्रश्न : क्राउन ईथर (धातूचा आयन पोटात धरणारा कड्यासारखा रेणू) घातलेल्या बीमिम बिसट्रायफ्लिमाइड या आयनी द्रवाने (बीमिम हा त्यातला धनभारी इमिडाझोलियम आयन) 99 टक्के स्ट्राँशियम निघालं. शोधनिबंध पाठवू का?

नका पाठवू. तुम्ही पाण्यातून काय गेलं ते मोजलंत, पाण्यात काय आलं ते मोजलं का? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शेंग दाई आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये याच प्रकारच्या द्रवांत स्ट्राँशियमचं निष्कर्षण किती जोरदार होतं ते दाखवलं, आणि सगळे हुरळले. दोनच वर्षांनी तिथल्याच आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या डिएट्झ आणि ड्झिलावा यांनी त्यामागचं कारण सांगितलं: स्ट्राँशियमचा दोन धनभारांचा आयन क्राउन ईथरमध्ये बसून आत येतो, आणि भाराचा हिशेब जुळवायला द्रवाचे दोन इमिडाझोलियम आयन बाहेर पाण्यात जातात. म्हणजे ही अदलाबदल आहे. जरा आकडे मांडा. 88 मिलिग्रॅम स्ट्राँशियम घेताना सुमारे 278 मिलिग्रॅम बीमिम पाण्याला देऊन बसता. शिवाय द्रव मुळातच थोडा विरघळतो, ते वेगळं. एका फेरीत कळत नाही. दहाव्या फेरीला द्रवाची पातळी बघा.

इमिडाझोलियमची बाजूची साखळी लांब केली की ही अदलाबदल कमी होते आणि धातू पाण्यातल्या ऋणभारी नायट्रेटला सोबत घेऊन येऊ लागतो. पण द्रव आणखी दाट होतो, आणि लांब साखळीचे इमिडाझोलियम पाण्यातल्या जीवांना जास्त विषारी. फुकट काहीच नाही. निदान पाण्याच्या थरात बीमिम मोजून तक्त्यात टाका. अतिनील प्रकाशात 211 नॅनोमीटरला तो दिसतो, पण नायट्रेट तिथे लुडबूड करतं, म्हणून आयन वेगळे करून मोजणारी आयन क्रोमॅटोग्राफी बरी. मार्गदर्शकांना विचारा, आणि त्यांनी ‘चालतंय की’ म्हटलं तर विश्लेषण विभागात जाऊन विचारा.

प्रश्न : भोसरीत निकेल प्लेटिंगचं युनिट आहे. विक्रेता म्हणतो, वाफ होत नाही म्हणून आयनी द्रव ‘हरित’. धुण्याच्या पाण्यासाठी घ्यावा का?

वाफ होत नाही म्हणजे हवेत जात नाही. पाण्यात जाणार नाही असं कोण म्हणालं? नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात त्याहून कडक अट असेल तर तीच पाळायची. इतक्या पातळ पाण्याला आयन-एक्स्चेंज रेझिन (धातूचे आयन धरून ठेवणारे मणी) आहे, स्वस्त आणि आजमावलेलं. विक्रेत्याकडे एकच कागद मागा: बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं त्या द्रवाचं प्रमाण. कागद येईपर्यंत पैसे देऊ नका, आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) पाहणाऱ्या सल्लागाराला विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

प्रश्न : व्हिडिओत पाहिलं, जुन्या मोबाइलच्या प्लेटमधून घरी सोनं काढता येतं.

घरी नाही. सोनं विरघळवणाऱ्या आम्लराजाच्या (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाच्या) वाफा घरातल्या माणसांसाठी नाहीत. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पुनर्चक्रणाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. मोबाइल नोंदणीकृत माणसाला द्या.

प्रश्न : बीमिम हेक्साफ्लोरोफॉस्फेटची जुनी बाटली आतून धुरकट दिसते. पुढच्या सत्रात बघू?

आजच बघा. हा क्षार पाणी आणि आम्लाच्या संगतीत, विशेषतः गरम केल्यावर, फुटून हायड्रोफ्लोरिक आम्ल देतो, आणि काच खाणारं तेच आहे. बाटली उघडू नका, हुंगू तर मुळीच नका. सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. कातडीला लागलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावा आणि दुखत नसलं तरी लगेच रुग्णालयात जा, कारण पातळ आम्लाची जळजळ काही तासांनीही सुरू होते. डॉक्टरांना ‘केमिकल लागलं’ एवढंच सांगू नका, हायड्रोफ्लोरिक असं नाव घेऊन सांगा.