आईवडिलांना फसव्या लिंकांपासून वाचवायला ब्राउझरमध्ये कोणतं एक्स्टेन्शन टाकावं?

तुम्ही लिहिलंय की आई सगळं फोनवरच करतात, बाबांकडे जुना लॅपटॉप आहे आणि दोघेही क्रोम वापरतात. मग अर्धा प्रश्न लगेच निकालात निघतो. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर, टाकायची सोयच नाही. आईंसाठी जे काही करायचं ते ब्राउझरच्या सेटिंगमध्येच.

आता लॅपटॉप. माझं साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ‘मशीन स्लो झालंय’ म्हणून येणाऱ्या निम्म्या लॅपटॉपवर अशी राखण करणारी तीन-चार एक्स्टेन्शन बसलेली सापडतात, आणि मी आधी त्या रखवालदारांनाच हाकलतो. लिंक तपासणाऱ्या एक्स्टेन्शनला तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान बघायची परवानगी द्यावी लागते, त्याशिवाय ते तपासणार कसं? म्हणजे बँकेचं पानसुद्धा. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ नावाचं एक फार लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, साइटपुढे हिरवा-लाल गोल दाखवायचं. २०१६ साली जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने उघड केलं की त्याने गोळा केलेला लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास बाहेर विकला जात होता. कुंपणानेच शेत खाल्लं. शिवाय आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्या मालकाकडे गेलं, तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

ब्राउझरमध्ये मुळात जे आहे ते कमी नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग सेफ ब्राउझिंग, इथे जा. पूर्वी धोकादायक साइटींची यादी दर अर्ध्या-एक तासाने आपल्या मशीनवर उतरायची आणि ब्राउझर त्या यादीत बघायचा. गोची अशी की गूगलच्याच म्हणण्यानुसार अशी साइट सरासरी दहा मिनिटंसुद्धा जगत नाही. यादी येईपर्यंत चोर गाव सोडून गेलेला. म्हणून मार्च २०२४ पासून साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ पातळीवरही तपासणी त्याच क्षणी होते. पूर्ण पत्ता गूगलकडे जात नाही. पत्त्यापासून गणिताने एक खूण तयार होते आणि तिचा फक्त सुरुवातीचा तुकडा मधल्या एका सर्व्हरमार्फत पाठवला जातो. त्यावरची ‘एन्हान्स्ड’ पातळी जास्त कडक आहे, पण ती गूगलला जास्त माहितीही देते. मी स्वतःला स्टँडर्ड ठेवलंय, माझ्या आईला एन्हान्स्ड. तुम्हीही आईबाबा दोघांना एन्हान्स्डच लावा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये हेच काम स्मार्टस्क्रीन करतं, ते बंद नाही ना एवढंच बघा.

पण यातलं काहीही नव्याकोऱ्या साइटीला हमखास पकडेल असं नाही. तिथे माझ्या मते सगळ्यात भरवशाचं हत्यार पासवर्ड मॅनेजर आहे, म्हणजे पासवर्ड साठवून त्या-त्या साइटवर आपणहून भरणारं सॉफ्टवेअर, आणि ते फिशिंगपासून, म्हणजे खोट्या पानावर पासवर्ड काढून घेणाऱ्या फसवणुकीपासून, वाचायला म्हणून कोणी घेत नाही. माझीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत, दुकानात गर्दी असताना मेल आला: तुमचा मेलबॉक्स भरलाय, लॉगिन करा. केलं क्लिक. पान हुबेहूब. एरवी पासवर्ड आपोआप भरला जातो, तो काही भरेना. मी वैतागलो, आणि खरं सांगायचं तर पासवर्ड कॉपी करायला मॅनेजर उघडलासुद्धा. तिथे मूळ साइटचा पत्ता दिसला, वर पाहिलं तर पानाचा पत्ता भलताच. मला लोगो दिसला होता, मॅनेजरने पत्ता पाहिला होता. क्रोमचा स्वतःचा मॅनेजर या कामाला पुरेसा आहे. ‘पासवर्ड आपणहून भरला नाही तर हाताने भरायचा नाही, आधी मला फोन करायचा’ एवढा एकच नियम घरी लावा.

पत्ता वाचायचा कसा, हेही बाबांना एकदा दाखवाच. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, डावीकडे यायचं. ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन-चलान डॉट एक्सवायझेड’ यात सरकारी काही नाही. मालक आहे ‘इन-चलान डॉट एक्सवायझेड’. बँकांचं काम आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं, आणि हे पत्ते फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडून मिळतात, कोणाही ऐऱ्यागैऱ्याला नाही. कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. कुलूप म्हणजे मधे कोणी ऐकत नाही इतकंच; पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप असतंच. क्रोमने २०२३ मध्ये ते काढून टाकलं, तेही याच गैरसमजामुळे.

एक एक्स्टेन्शन मात्र मी टाकतो: जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. बँकेचं नाव शोधलं की वर जाहिरातीत खोटी साइट, खोटा कस्टमर केअर नंबर, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना याच कारणासाठी अ‍ॅडब्लॉकर वापरायला सांगितलं होतं. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्तीच मिळते, फायरफॉक्सवर पूर्ण, आणि फायरफॉक्स असेल तर ते फोनवरही चालतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी? तिथे ब्राउझरचा संबंधच येत नाही. आईंच्या फोनमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांची परवानगी बंद करा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा; पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात केलेल्या फोनला किंमत असते.

सेटिंगची कामं दहा मिनिटांत होतील. पासवर्ड मॅनेजरला मात्र अख्खी संध्याकाळ ठेवा. बाबांचे पासवर्ड डायरीत असणार, एकेका बँकेपुढे तीन-तीन खोडलेले, आणि चालणारा नेमका चौथा, तो आईंना पाठ.