इम्प्लांट टायटॅनियमचं घ्यावं की झिरकोनियाचं? हिरडीला काय मानवतं?

तुम्ही लिहिलंय की वरचा समोरचा दात गेलाय, डॉक्टर टायटॅनियमचं इम्प्लांट सुचवताहेत, पण धातूमुळे हिरडी खराब होते असं वाचल्यापासून मन झिरकोनियाकडे, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिककडे, ओढ घेतंय. मी हिरड्यांचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न वरचेवर ऐकतो.

इम्प्लांटचे तीन भाग असतात: हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा अबटमेंट, म्हणजे हिरडीतून वर येणारा जोडभाग, आणि बाहेर दिसते ती कॅप. स्क्रू हाडात गाडलेला असतो. हिरडीचा संबंध येतो तो मुख्यतः अबटमेंटशी, तेव्हा मटेरियलची चौकशी त्याच्याबद्दल करा. टायटॅनियमचा स्क्रू आणि झिरकोनियाचा अबटमेंट अशी जोडी सर्रास बसवतात.

खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि हिरडीचे तंतू त्यात आडवे रुजलेले असतात. इम्प्लांटवर सिमेंटम नाही. मग तंतू मनगटातल्या बांगडीसारखे त्याच्याभोवती फिरतात, नाहीतर त्याला समांतर उभे राहतात. आत कोणी शिरत नाही. वरच्या बाजूला पेशींचा एक पातळ थर पृष्ठभागाला चिकटतो, तेवढाच काय तो पहारा. त्यात रक्तपुरवठाही कमी, कारण दात आणि हाड यांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याच्या (लिगामेंटच्या) रक्तवाहिन्या इथे नसतात. त्यामुळे किटण साचून आलेली सूज इम्प्लांटभोवती जास्त झपाट्याने खाली उतरू शकते. झिरकोनिया घेतलं म्हणून यातून सुटका नाही.

टायटॅनियमला हवा लागली की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. पेशींचा संबंध येतो तो या थराशी, उघड्या धातूशी नव्हे. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते त्याला अखेरपर्यंत, 40 वर्षांहून अधिक काळ पुरले. सुजलेल्या हिरडीत टायटॅनियमचे सूक्ष्म कण सापडतात हे खरं आहे, पण ते सुजेचं कारण की परिणाम, हे सिद्ध झालेलं नाही. टायटॅनियमची अ‍ॅलर्जी असते, पण फार विरळा.

झिरकोनियावर किटण थोडं कमी चिकटतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. प्रत्यक्ष तोंडात मात्र हिरडीच्या तब्येतीतला फरक फारसा मोठा निघत नाही. त्याचा खरा फायदा रंगाचा. हिरडी पातळ असेल, साधारण 2 मिलिमीटरपेक्षा कमी, तर टायटॅनियमची करडी झाक बाहेर दिसते, आणि समोरच्या दाताला ती खटकते. उलट बाजू अशी की झिरकोनिया ठिसूळ असतं आणि थेट टायटॅनियमच्या स्क्रूवर बसवलं तर जोडाजवळ धातू झिजवतं. म्हणून त्याखाली टायटॅनियमचा छोटा बेस घालतात. हा बेस मागून घ्या, पैसे वाचवण्याची ही जागा नाही.

माझ्या मते मटेरियलच्या नावापेक्षा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. हिरडीतून जाणाऱ्या भागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या आसपास आणला की किटणाच्या दृष्टीने पुरे. त्याहून जास्त चकचकीत करून विशेष काही हाती लागत नाही. पण लॅबमध्ये घासून पुन्हा पॉलिश न केलेलं झिरकोनिया चांगल्या टायटॅनियमपेक्षा वाईट. सफाईच्या वेळी स्टीलच्या हत्यारांनी टायटॅनियमवर ओरखडे उठतात, म्हणून प्लास्टिकची किंवा टायटॅनियमचीच हत्यारं आणि ग्लायसिन पावडरचा फवारा वापरतात.

आणि सिमेंट! कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेल्या सिमेंटने सुजलेल्या हिरड्या मी जितक्या पाहिल्यात, तितक्या कुठल्याही धातूने बिघडलेल्या पाहिल्या नाहीत.

तुमच्या जागी मी आधी हिरडीची जाडी मोजून घेईन. पातळ असेल तर टायटॅनियम बेसवरचा झिरकोनिया अबटमेंट. जाड असेल तर टायटॅनियमला नाही म्हणायचं कारण नाही. कॅप शक्यतो सिमेंटऐवजी छोट्या स्क्रूने बसणारी मागा. समोरच्या दातात या स्क्रूचं भोक कधीकधी नेमकं पुढच्या बाजूला येतं, मग बऱ्याचदा सिमेंट वापरावं लागतं. तसं झालं तर कॅपची कडा हिरडीत खोल नेऊ नका आणि एक्स-रेवर दिसणारं सिमेंट वापरा, एवढं डॉक्टरांना सांगून ठेवा.