फेरारी २५० जीटीओचं इंजिन ३ लिटरचं, मग नावात २५० कुठून आलं?

२५० ही एका सिलिंडरची क्षमता आहे, अख्ख्या इंजिनाची नाही. इंजिन २,९५३ सीसीचं आणि सिलिंडर १२. भागाकार केला की साधारण २४६ येतात, तेच गोल करून २५०. फेरारीच्या त्या काळातल्या बऱ्याच १२ सिलिंडरच्या गाड्यांना हाच हिशोब लागू पडतो: २७५ जीटीबीचे ३,२८६ सीसी, ३६५ जीटीबी/४ चे ४,३९० सीसी, स्वतः भागून बघा. त्या शेवटच्या '/४' चा अर्थ चार कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे फिरते दांडे.

मात्र हा नियम सगळीकडे लावू नका. फेरारीचीच डिनो २४६ म्हणजे २.४ लिटर, ६ सिलिंडर. ३०८ म्हणजे ३ लिटर, ८ सिलिंडर. खरा घोळ १९७६ सालचा. त्या एकाच वर्षी आलेल्या ४०० आणि ५१२ बीबी या दोन्ही १२ सिलिंडरच्या. पण ४०० चं नाव जुन्या पद्धतीचं (४,८२३ भागिले १२), तर ५१२ म्हणजे ५ लिटर, १२ सिलिंडर. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आधी त्या मॉडेलचे सीसी आणि सिलिंडर बघा.