वाचक विचारतात : कॅम्पर व्हॅनमधल्या सागाच्या पट्ट्या

प्रश्न : जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) करतो आहे. खिडक्यांभोवती 60 मिमी रुंद सागाची पट्टी 45 अंशांत कापून लावली, फेविकॉलही लावला आणि स्क्रूही मारले. मे महिन्यात कोपऱ्यात आतल्या बाजूने फट पडली. ऑगस्टमध्ये ती मिटली, पण बाहेरच्या टोकाला दुसरी उघडली. सुताराने कच्चे (नीट न वाळलेले) लाकूड दिले का?
(दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : फट जागा बदलते, त्यावरूनच लाकूड निर्दोष असल्याचे कळते. कच्च्या लाकडाची आतली फट पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला गेली नसती.

साग रुंदीत आकसतो-फुगतो, लांबीत जवळजवळ नाहीच. ओलावा 1 टक्का घटला की रुंदी साधारण 0.2 टक्के कमी होते. मे ते ऑगस्ट 5 टक्के फरक धरला, तर 60 मिमीच्या पट्टीत 0.6 मिमी. रुंदी बदलली आणि लांबी तेवढीच राहिली की 45 चा कोन 45 राहत नाही. आकसताना सांधा आतून उघडतो, फुगताना बाहेरून. त्यात गाडीच्या पत्र्याची चाल वेगळीच : 1 मीटर पत्रा 40 अंशांनी तापला की सुमारे अर्धा मिमी वाढतो. म्हणून पट्टी पत्र्याला पक्की जखडायची नाही.

पट्ट्या काढा आणि रुंदी 40 मिमीवर आणा. कोपऱ्यांसाठी 12 मिमी मरीन प्लायचे (पाण्याला टिकणारा प्लाय, भारतीय मानक आयएस 710) गोल तुकडे कापा, कारण प्लाय या दिशेने फारसा हलत नाही. सरळ पट्टी त्याला काटकोनात भिडवा आणि मध्ये 1.5 मिमी फट मुद्दाम ठेवा. सारखी, सरळ फट नजरेला खटकत नाही, वाकडी खटकते. पट्टीतले स्क्रूचे मधले भोक गोल, बाकीची 5×9 मिमी लांबट, आणि स्क्रूखाली वॉशर. स्क्रू पत्र्यात थेट नकोत : पत्र्यामागच्या आतल्या फासळीत एम5 रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचा, 5 मिमी स्क्रूचा आट्यांचा नट) बसवा. ड्रिल करण्याआधी मागे वायर, एअरबॅग नाही ना हे बघा. भोकाच्या कडेला झिंक प्राइमर लावा, आणि लोखंडाचा चुरा चुंबकाने टिपून घ्या. राहिलेला एकेक कण पावसाळ्यात गंजाचा ठिपका होतो.

पॉलिशचे हात मागच्या बाजूलाही पुढच्याइतकेच द्या. एकच बाजू बंद केली की पट्टी पन्हाळीसारखी वळते. हे काम सर्रास टाळले जाते.

प्रश्न : गाडीच्या भिंतीच्या बाकानुसार वाकवलेली पट्टी महिन्यात सुटली. का?

उत्तर : 12 मिमीची पट्टी जबरीने वाकवून पांढऱ्या गोंदावर ठेवली असणार. बंद गाडी उन्हात तापली की तो गोंद मऊ पडतो आणि लाकूड सरळ व्हायला बघते. 3 मिमीच्या चार पट्ट्या घ्या, प्रत्येक थिनरने पुसा (सागाचे तेल गोंदाला धरू देत नाही), लगेच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा आणि साच्यावर दर 100 मिमीला क्लॅम्प करून 24 तास ठेवा. साचा भिंतीपेक्षा किंचित जास्त वळणाचा करा. क्लॅम्प काढल्यावर पट्टी थोडी मागे येतेच.